आमचं पितळ उघडं पडलं

भिलाईत माणसाला आडनाव शेवटी विचारतात. पहिला प्रश्न, "प्लांट में हो?" हो म्हटलं की दुसरा, "कौन सा शॉप?" त्यामुळे आमच्या गल्लीत माणसं राहत नाहीत, खाती राहतात. समोर कोक ओव्हन. कोपऱ्यावर ब्लास्ट फर्नेस, त्यांना हल्ली बीपीचा त्रास आहे. मागच्या बाजूला प्लेट मिल, त्यांच्या मुलीचं वायर रॉड मिलच्या मुलाशी जमलं. सगळ्यांना निवृत्त होऊन पंधरा-वीस वर्षं झाली. नोकरी सुटली, खातं सुटलं नाही. माझे वडील मशीन शॉप. मी बँकेत आहे, पण तो विषय आमच्या घरी पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

अशा गल्लीत धातूची जुनी वस्तू घेऊन येणं म्हणजे डॉक्टरांच्या कॉलनीत पोटावर हात ठेवून 'आई गं' म्हणणं. सल्ला फुकट मिळतो, पण एक मिळत नाही. शिवाय सल्ला देणारे साधेसुधे नव्हेत. रेल्वेसाठी २६० मीटर लांबीचे रूळ घडवणारं हे गाव. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेला ज्या तीन कारखान्यांचं पोलाद लागलं त्यांत भिलाईचं नाव आहे, आणि ते दिवसातून एकदा तरी घेतलं जातं. समुद्रात नौका उतरवलेल्या माणसांना तुमच्या वीतभर डब्याबद्दल मत नसेल, असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

तो डबा मी एका रविवारी घरी आणला.

सुपेल्यात एका कबाडीकडे मी रद्दी घालायला गेलो होतो. (भिलाईचा मराठी माणूस भंगारवाला म्हणत नाही. म्हटलं तर कबाडी इकडेतिकडे बघतो.) त्याच्या पाण्याच्या मडक्याखाली तिवई म्हणून एक गोल डबा ठेवलेला होता. वरून उघडा, खालून उघडा, दीड वीत रुंद, अर्धी वीत उंच. अंगभर चंदेरी रंग फासलेला. चारी बाजूंनी आठ कान आणि त्या कानांतून वर-खाली गेलेले लांब पेच. एका बाजूला मोडका खटका. मी मडकं उचललं, डब्यावर टिचकी मारली, आणि चाळीस वर्षांपूर्वीची एक जखम वाहू लागली.

शाळेत असताना मला बँडमध्ये साइड ड्रम हवा होता. गळ्यात पांढरा पट्टा, मांडीवर तिरका ड्रम, दोन काठ्या, पंधरा ऑगस्टची परेड. बँडच्या सरांनी माझे हात पाहिले, पाय पाहिले, ठेका धरायला सांगितला आणि मला ट्रँगल दिला. ज्यांनी ट्रँगल वाजवलेला नाही त्यांना सांगतो, त्यात वाजवणं कमी आणि वाट पाहणं जास्त असतं. अख्ख्या गाण्यात चार वेळा टिंग. त्यातली दोन माझी चुकायची. गावाने लाखो टन पोलाद ओतलं आणि माझ्या वाट्याला वाकवलेली एक सळी आली, हे मी कधी विसरलो नाही.

"कितने का?" मी विचारलं.

कबाडीने दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं, डब्याच्या कडेला टेकवलं. खट्. "लोहा," तो म्हणाला. वजन केलं, चार किलोला थोडं कमी. लोखंडाच्या भावाने पैसे घेतले, वर मडक्याला दुसरी तिवई लागणार म्हणून थोडे वेगळे. मी डबा घेऊन निघालो, तेव्हा तो मागून म्हणाला, "जुन्ना बाजा हे भैया, फेकबे झन." फेकायचा कसला! हा माझा सूड होता.

ज्याला आपण बँडमध्ये साइड ड्रम म्हणतो त्याचं इंग्रजी नाव स्नेअर. वरच्या पडद्यावर काठ्या पडतात, खालचा पडदा कांद्याच्या सालीसारखा पातळ असतो, आणि त्या पातळ पडद्याला चिकटून तारांचा एक पट्टा ताणलेला असतो. पूर्वी तारांच्या जागी तात असे. वर काठी पडली की आतली हवा खालच्या पडद्याला धक्का देते, पडदा तारांवर आपटतो, आणि 'ढम'च्या जागी 'खर्र' उमटतं. खटका खाली केला की तारा सुटतात आणि ड्रम एकदम बावळट वाटायला लागतो. माझ्या ड्रमला पडदा नव्हता, तारा नव्हत्या, खटका मोडलेला. म्हणजे राहिलं होतं ते फक्त कडं आणि अहंकार. आम्ही निवृत्तांच्या गल्लीत राहत असल्यामुळे हे रूप ओळखीचं होतं.

बाबांनी तो फाटकातच अडवला. "काय आहे?"

"ड्रम आहे, जुना."

"कुठल्या मटेरियलचा?"

आमच्या घरी लग्नात आलेल्या भेटवस्तूंनाही हाच प्रश्न विचारला गेला होता.

अर्ध्या तासात अंगणात चार खुर्च्या आल्या. ब्लास्ट फर्नेसवाल्या काकांनी ड्रम हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि निकाल दिला, "रशियन आहे."

भिलाईबाहेरच्या वाचकांना यातली गोम कळायची नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. मधल्या काळात इथे रशियन माणसं आली, रशियन यंत्रं आली, रशियन नकाशे आले. इथल्या प्राणिसंग्रहालयाचं नावसुद्धा मैत्रीबाग. तिथल्या वाघाला ही मैत्री मान्य आहे की नाही, कुणी विचारलेलं नाही. तेव्हापासून भिलाईत जे जे जुनं, जड आणि न मोडणारं, ते ते रशियन. पंखा रशियन, पाना रशियन, पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी आहेत त्यांनाही लोक तेच म्हणतात.

काका तरुणपणी रशियात ट्रेनिंगला गेले होते. त्यांना रशियन भाषेतले अकरा शब्द येतात, त्यातले आठ खाण्याचे. त्यांनी ड्रमच्या आत बोट फिरवलं आणि ओरडले, "हे बघा!" आत रंगाखाली खिळ्याने कोरल्यासारखं काहीतरी होतं. 'तीन' या आकड्यासारखं.

"रशियनमध्ये हा 'झ' आहे," काका म्हणाले. "झवोद. म्हणजे कारखाना."

सगळे गप्प झाले. खरं सांगायचं तर मीही हललो. कारण रशियात व्होल्गाकाठी एंगेल्स नावाचं शहर आहे, आणि तिथल्या कारखान्यात खरोखरच ड्रम बनत. मार्क्सच्या मित्राच्या नावाचं शहर, आणि त्या शहराच्या नावाचा ड्रम! १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अवकाशातून परतला तोही त्याच शहराच्या जवळपास उतरला होता. कोक ओव्हनवाल्या काकांनी तर गागारिनच्या स्वागताला हाच ड्रम वाजला असणार इथपर्यंत मजल मारली. मग तो सुपेल्यात मडक्याखाली कसा आला, हे विचारल्यावर ते म्हणाले, "सोवियत यूनियन टूटा ना!"

रात्री पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो दिवसा संगणकावर असतो आणि शनिवारी रात्री एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. मोबाइलच्या पडद्यावर ड्रम पाहून तो आडवा होता तो उठून बसला.

"मामा, ह्याला पॉलिशपेपर लावू नकोस. शपथ घे."

"घेतली."

"बिल्ला कुठे आहे?"

बिल्ला नव्हता. बिल्ल्याच्या जागी दोन भोकं होती. भाच्याने कपाळाला हात लावला. परदेशी ड्रमची ओळख बिल्ल्यावरून पटते, म्हणाला. नंतरच्या काळात अनुक्रमांकसुद्धा असतो. बिल्ला नसेल तर कानांची संख्या, कानांचा आकार, खटक्याची बनावट, कवचावर मधोमध उठवलेली कड आणि पेचाचे आटे पाहायचे. शिकागोची लुडविग कंपनी १९०९ ची. त्यांचा 'ब्लॅक ब्यूटी' नावाचा ड्रम म्हणजे पितळी कवचावर काळ्या निकेलचा मुलामा. पहिल्या काळातला तो सापडला तर ड्रमवाले त्याच्या पाया पडतात. लंडनची प्रीमिअर कंपनी १९२२ ची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले म्हणून ती लेस्टरकडे गेली. तिचे ड्रम इंग्रजांच्या पलटणीबरोबर जगभर फिरले.

"मामा, चंदेरी रंगाखाली काळं निकेल निघालं तर?"

"तर काय?"

"तर आजोबांना सांगू नकोस. ते कापून बघतील."

भाचा हुशार आहे. पण फोन स्पीकरवर होता.

सकाळी सात वाजता बाबा आटे मोजायची पट्टी घेऊन व्हरांड्यात बसलेले. ही पट्टी म्हणजे करवतीच्या दातांच्या लहान लहान पात्यांचा जुडगा असतो. पेचाच्या आट्यात जे पातं नेमकं बसेल तो त्याचा आटा. १९६८ साली भिलाईत रुजू झाल्यापासून ती त्यांच्या खिशात आहे. चष्मा हरवतो, ती हरवत नाही. त्यांनी आठही पेच काढून ओळीने मांडले होते.

"तुझा ड्रम अमेरिकन नाही," ते म्हणाले. अमेरिकन ड्रमच्या पेचाला इंचात चोवीस आटे असतात, हे त्यांनी नातवाकडून रात्रीतच काढून घेतलं होतं. इथे एकही तसा नव्हता. आठातले चार पेच व्हिटवर्थ निघाले. हे जुनं इंग्रजी माप. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, मेट्रिकचा ६० अंशांचा. फरक पाच अंशांचा, पण एकाचा नट दुसऱ्यावर चढवला तर दोन फेऱ्या जातो आणि मग रुसतो. तीन पेच मेट्रिक निघाले. आणि आठवा?

"हा सायकलचा आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच आदर होता. कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी, ऐन वरातीच्या तोंडावर सायकलचा पेच ठोकून हा ड्रम वाजता ठेवला होता. बाबांच्या लेखी त्या अज्ञात माणसाचं स्थान गागारिनच्या वर गेलं.

या पेचांवरून निघालेला निष्कर्ष असा की ड्रम मुळात इंचाच्या जमान्यातला आहे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. म्हणजे ड्रम त्याआधीचा, किंवा त्या कायद्याला न जुमानणाऱ्या कारखान्यातला. आपल्या देशात दोन्ही शक्यता सारख्याच असल्यामुळे आम्ही होतो तिथेच राहिलो.

आता धातूचा प्रश्न. मी घरचं लोहचुंबक आणलं. फ्रिजवर वीजबिल अडकवायला असतं ते. कड्याला लावलं, खट्. पेचांना लावलं, खट्. कवचाला लावलं आणि ते पायावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. कबाडीने तपासलं होतं ते कडं. कडं लोखंडी, पण कवच लोखंडाचं नव्हतं.

इथून माझी झोप उडाली. लोखंड नाही म्हणजे ॲल्युमिनियम, तांबं किंवा पितळ. त्यातलं काहीही असलं तरी मी कबाडीला फसवलेलं होतं. बँकेत एवढी वर्षं काढून माझा पहिला घोटाळा साडेचौदा इंचांचासुद्धा नव्हता.

बाबांनी ठिणगीची चाचणी सुचवली. प्लांटमध्ये पोलाद ओळखायला ते सळी साणेच्या चाकावर टेकवत. कार्बन जितका जास्त, तितकी ठिणगीला फुलं जास्त. पितळ-तांब्यातून ठिणगीच उडत नाही. "नुसतं कडेला टेकवू, एक सेकंद," ते म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, ड्रम उचलला आणि धान्याच्या कोठीवर ठेवून आली. आई वर्ध्याची. तिथली माणसं कमी बोलतात आणि वस्तू उंचावर ठेवतात.

मग लॅबवाले काका आले. प्लांटच्या प्रयोगशाळेत ते आयुष्यभर नमुने तपासत होते. आजही ते चहा पितात तेव्हा आधी वास घेतात, मग रंग बघतात आणि मगच साखर कमी आहे म्हणतात. त्यांनी सांगितलं, काहीही कापायचं, घासायचं नाही. घनता काढायची. लोखंड-पोलाद साधारण ७.८५, ॲल्युमिनियम २.७, तांबं ८.९६, पितळ साडेआठच्या आगेमागे.

त्यासाठी कवच अख्खं बुडेल असं भांडं हवं होतं. आईने माळ्यावरून तिच्या लग्नातलं पितळी घंगाळ काढून दिलं. घंगाळ परातीत ठेवलं, काठोकाठ भरलं. सगळे कान, पेच, कडी काढलेलं नागडं कवच स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं. १,२०० ग्रॅम. बाबांनी ते हळूच पाण्यात सोडलं. परातीत सांडलेलं पाणी काकांनी मोजनळीने मोजलं. २०३ मिलिलिटर. भागाकार ५.९.

काका विचारात पडले. "व्हॅनेडियमच्या जवळपास येतंय," ते हळू आवाजात म्हणाले.

अंगणात शांतता पसरली. व्हॅनेडियमचा ड्रम! ब्लास्ट फर्नेसवाल्या काकांनी 'झवोद' असं पुन्हा एकदा म्हणून घेतलं. मग आई म्हणाली, "अहो, तुमचं कोपर पाण्यात होतं."

दुसऱ्या खेपेला कोपराशिवाय १४२ मिलिलिटर सांडलं. भागाकार ८.४५. पितळ.

कवच पुसायला आईकडे दिलं. ती पुसता पुसता थांबली. तिने ते उजेडाकडे तिरकं केलं, मग घंगाळ उचललं, तेही तिरकं केलं. दोन्ही बाजूबाजूला ठेवली आणि म्हणाली, "हा तर तांबटाचा सांधा आहे."

आम्ही सगळे वाकलो. घंगाळाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक नागमोडी रेघ होती. पत्र्याच्या एका कडेला दाते पाडायचे, दुसरी कड त्यांत अडकवायची, वरून डाक द्यायचा आणि ठोकून एकजीव करायचं. भांडी घडवणारे पिढ्यान् पिढ्या असाच जोड देत आले. ड्रमच्या आत, रंग निघालेल्या पट्टीत, तीच नागमोडी रेघ होती. दात्याला दाता.

"काहून रे, इतके सगळे इंजिनेर बसले आणि कोणाले दिसलं नाही?" आई म्हणाली. ती रागावली किंवा खूश झाली की तिची भाषा वर्ध्याला जाते. त्या दिवशी दोन्ही होतं.

शिकागोत नाही, लेस्टरात नाही, व्होल्गाकाठी नाही. हा ड्रम आपल्याकडच्या भांडी घडवणाऱ्या हातांनी केला होता. भाच्याने वर्णन ऐकलं आणि म्हणाला, "मामा, मीरत." उत्तर प्रदेशातल्या मीरतला जली कोठी नावाचा भाग आहे. अख्ख्या उत्तर हिंदुस्थानच्या वराती तिथून निघतात म्हणायला हरकत नाही, कारण त्यांची वाजंत्री तिथे बनते. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. इंग्रजांच्या पलटणीचे बँड पाहून आपल्या कारागिरांनी बिगुल, तुताऱ्या आणि ड्रम घडवायला घेतले. साहेबाचं वाद्य आणि घंगाळाचा सांधा, असा तो संसार. माझा ड्रम नेमका कुणाच्या हातचा ते बिल्ल्याबरोबर गेलं. पण घराणं कळलं. गाण्यात किराणा घराणं, ड्रममध्ये मीरत घराणं.

ब्लास्ट फर्नेसवाले काका मात्र चार दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

ओळख पटवणं सोपं होतं, असं पुढच्या महिन्यात वाटायला लागलं. कारण आता डागडुजीचा प्रश्न आला आणि ओळखीत गप्प बसलेली खातीही जागी झाली. कवचाला चार ठिकाणी पोचे होते. प्लेट मिलवाल्या काकांना ते बघवेना. "दोन रोलरमधून काढू, एकदम सपाट." गोल वस्तू सपाट करून त्यांना काय मिळणार होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. कोक ओव्हनवाले काका म्हणाले, क्रोम करू. कुणी म्हणालं, पावडर कोटिंग. आमची मोलकरीण म्हणाली, कल्हई. बाबांना पोचे, सांधा, जुने पेच सगळं मंजूर होतं, फक्त त्यांना लेथवर एकदा, एकदाच, कड सारखी करून घ्यायची होती.

मी भाच्याची शपथ सांगितली. जुनी वस्तू नीट करणं म्हणजे ती नवी करणं नव्हे. घासून पत्रा पातळ होतो, पत्रा पातळ झाला की आवाज बदलतो, आणि एकदा घासलेलं पुन्हा चिकटवता येत नाही. जेवढं उलटं फिरवता येईल तेवढंच करायचं. हे ऐकून लॅबवाले काका म्हणाले, "शाबास, तुला आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं." बँकेतल्या माणसाला आमच्या गल्लीत मिळालेली ही पहिली बढती.

आधी चंदेरी रंग. भिलाईत जी वस्तू एका जागी उभी राहते तिला वर्षाकाठी चंदेरी रंग लागतो. फाटक, टाकी, नळ, पाइप. हलली नाही तर मांजरसुद्धा सुटायची नाही. ड्रमवर त्याचे चार थर होते. रंग उतरवायचं रसायन ब्रशने लावायचं, फुगे आले की लाकडी पट्टीने खरवडायचं, पोलादाची पट्टी नाही. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या संध्याकाळी कानाजवळ पिवळं दिसलं. मग हाताएवढं पिवळं. मग सगळंच पिवळं. काळं निकेल कुठेही नव्हतं. माणसाचं पितळ उघडं पडलं की तो तोंड लपवतो. आमचं पडलं तेव्हा मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आणि आतल्या बाजूला ते 'रशियन' अक्षर. रंग निघाल्यावर त्याच्या डावीकडे आणखी दोन खुणा दिसल्या. सगळं मिळून वाचलं तर मजकूर असा होता: 'नं. ३'. बँडातला तिसरा ड्रम. बाबांनी ते मुद्दाम ब्लास्ट फर्नेसवाल्या काकांना वाचायला लावलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "उच्चार तोच आहे."

पितळेला पितांबरी की चिंच, यावर आई आणि मोलकरीण यांच्यात तह होईना. शेवटी चिंचेचा पातळ कोळ, मऊ फडकं, लगेच स्वच्छ पाणी, लगेच कोरडं. आरशासारखं करायचं नाही, असं मी बजावलं. आईने ऐकलं, कारण तिच्या मते आरशासारखं घासलेलं पितळ फक्त दाखवायच्या घरात असतं. लोखंडी कड्यांवर गंज होता. त्याच्यावरच्या चमकीला धक्का न लावता तो काढायला जेवणाचा डबा गुंडाळतात ती ॲल्युमिनियमची पन्नी चुरगाळून पाण्यात बुडवायची आणि हलकेच चोळायची. पेच रॉकेलऐवजी डिझेलमध्ये दोन दिवस मुरले, कारण रॉकेल आता सहज मिळत नाही. तीन मेट्रिक पेच तसेच ठेवले. सायकलचाही ठेवला. बाबांनी त्याला स्वतःच्या हाताने ग्रीस लावलं.

पडदे आणि तारा रायपूरहून आणल्या. चौदा इंचांचा पडदा चढवायला गेलो तर अडला. बाबांनी कॅलिपर लावला. कवच एकीकडून चौदा इंच, दुसरीकडून त्याहून तीन मिलिमीटर जास्त. हाताने घडवलेली वस्तू पूर्ण गोल नसते. बांगडी भरतात तसा पडदा फिरवत फिरवत एका जागी तो बरोबर बसला. तिथे आम्ही खडूने खूण केली.

ड्रम ताणायला मी एका धुमाल पार्टीतल्या मुलाला बोलावलं. दुर्ग-भिलाई-रायपूरकडे वरातीत, गणपतीत जे धुमाल वाजतं, ते ऐकलं नसेल तर सांगतो, त्यात खिडक्यांच्या काचा साथ करतात. मुलगा विशीचा. त्याने पहिला पेच थोडा आवळला, मग समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा.

बाबा खुर्चीतून उठले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"उस्ताद ने. सामने-सामने कसना है, नहीं तो पर्दा टेढ़ा हो जाता है।"

"अरे, फ्लँज असाच आवळतात!" प्लांटमध्ये पाइपाचा जोड आवळताना एका बाजूने ओळीने नट आवळले तर जोड तिरका बसतो आणि गळतो. म्हणून समोरासमोर, थोडं थोडं. बाबांनी तीस-पस्तीस वर्षं हेच केलं होतं. त्या संध्याकाळी पाना बाबांच्या हातात होता आणि टिचकी मारून सूर सांगत होता तो मुलगा. दोघांच्या वयात जवळजवळ साठ वर्षांचं अंतर, पण भाषा एक. थोडा और. बस. आता समोरचा.

मुलाने दुरुस्त केलेला खटका वर केला आणि ड्रम वाजवला. खर्र करून असा आवाज निघाला की समोरच्या कोक ओव्हनवाल्या काकांचा कुत्रा आत गेला तो दुसऱ्या दिवशी बाहेर आला. मग सगळ्यांनी काठ्या माझ्या हातात दिल्या. चाळीस वर्षांनी. मी ठेका धरला. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या सरांचा निर्णय बरोबर होता."

आता ड्रम दिवाणखान्यात असतो. खटका वर राहिला तर त्याच्या तारा घरातल्या प्रत्येक आवाजाला उत्तर देतात, कारण पातळ पडदा हवेतली लाट पकडतो आणि तारांना हलवतो. कुकरची शिट्टी झाली की खर्र. हावडा-मुंबई लाइनवरून मालगाडी गेली की लांबलचक खर्र. बाबा दुपारी घोरतात तेव्हा तर जुगलबंदी होते. खटका खाली केला की सगळं बंद. हा खटका माणसांना का नसतो, असं आईचं म्हणणं आहे.

राहिला कबाडी. मी फरक द्यायला गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कागद काढला. कडी आणि पेच लोखंडाच्या भावाने, कवच पितळेच्या भावाने, असा नव्याने हिशेब मांडला, आधी दिलेले वजा केले, आणि पै-पैसा घेतला. वर म्हणाला, "भोकांचे पैसे नाही लावले."

तर निकाल असा. ड्रम पितळेचा आहे. बहुधा मीरतचा आहे. नंबर तीन आहे. चार पोचे आणि एक सायकलचा पेच धरून जसा आहे तसा राहणार आहे. विकायचा नाही. कुणाला वाजवून बघायचा असेल तर रविवारी दुपारी बाबा उठल्यावर यावं. काठ्या आणाव्यात, मत आणू नये.